ऑडिटचं सामान

आमच्या सोसायटीत कोणी नवी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली की पेढे येतात. मी पेढा घेते, अभिनंदन म्हणते, आणि माझी नजर आपोआप गाडीच्या मागच्या चाकापाशी जाते. किक असते ती जागा. तिथे काहीच नसतं. पिंपळे सौदागरमध्ये हल्ली अशा गाड्या इतक्या झाल्यात की पार्किंगमधून चालताना मी खाली बघायचंच टाळते.

बाबांच्या वर्कशॉपमध्ये किकचा शाफ्ट बनतो. पायाने मारायच्या दांड्याला आतून धरणारा, बोटाएवढ्या जाडीचा पोलादी तुकडा. तो कोणाला दिसत नाही, आणि तुटल्याशिवाय कोणाला आठवत नाही. भोसरीतल्या एका गाळ्यात बाबांनी तो वर्षानुवर्षं बनवला. चाकणची एक कंपनी तो घेते आणि पुढे गाडी बनवणाऱ्यांना देते. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, तुझे बाबा काय करतात? मी ‘मॅन्युफॅक्चरिंग’ म्हणायचे. इंग्रजी शाळेत एवढ्या शब्दावर विषय संपायचा, आणि तो संपावा असंच मला वाटायचं.

कॉलेज झाल्यावर मी काही महिने एका ऑफिसात नोकरी केली आणि मग गाळ्यात यायला लागले. कारण साधं होतं. चाकणच्या कंपनीचे मेल इंग्रजीत यायचे आणि ते दिवसेंदिवस लांब होत चालले होते. बाबांना इंग्रजी समजतं, पण उत्तर लिहायला ते घाबरतात. मी बोलायला घाबरते, लिहायला नाही. त्यामुळे आमचं जमून गेलं. कामगार मला मॅडम म्हणायला लागले. मला ते कसंतरीच वाटायचं, पण तसं म्हणू नका हे सांगण्यासाठीसुद्धा बोलावं लागलं असतं.

मागच्या वर्षी अशाच एका लांब मेलमध्ये खाली एक ओळ होती. किक असलेलं ते मॉडेल बंद होतंय, चालू ऑर्डर संपली की शाफ्ट लागणार नाही. त्याच मेलमध्ये विचारलं होतं, इलेक्ट्रिक मोटरचा शाफ्ट करून दाखवाल का? मी दोन्ही वाक्यं बाबांना मराठीत सांगितली. त्यांनी लेथ मशीनकडे बघितलं.

“हे मिळालं तर गाळा राहील,” ते म्हणाले.

मोटरच्या शाफ्टला वेगळ्या प्रतीचं पोलाद लागतं. ते पूर्वी बाहेरच्या देशातून यायचं आणि चिंचवडच्या व्यापाऱ्याकडे हवं तेवढं मिळायचं. आता नियम आला होता. ज्या परदेशी कारखान्याकडे आपल्याकडचं गुणवत्तेचं चिन्ह नाही, त्याचं पोलाद आणता येणार नाही. नियम मी नीट वाचला. निकृष्ट माल येऊ नये, देशातल्या पोलादाला मागणी राहावी, असा त्याचा हेतू होता आणि त्यात मला खोट काढता येईना. पण देशातले कारखाने ट्रकभर घेणाऱ्यालाच विचारायचे. आम्हाला हवे होते मोजके बार, म्हणजे पोलादाचे दांडे. “ताई, बंदरात अडकलाय माल,” व्यापारी दर फोनला म्हणायचा. पुढेपुढे त्याने फोन उचलणंच सोडलं.

शेवटी पोलाद दिलं शेजारच्या गाळ्यातल्या काकांनी.

हे काका मूळचे भोसरीचेच. त्यांच्या वडिलांच्या जमिनीवर आता कोणाचा तरी कारखाना आहे. बाबा मराठवाड्यातून आलेले, म्हणून इतक्या वर्षांनंतरही काका त्यांना ‘पाव्हणं’ म्हणतात. काकाही गाड्यांचेच सुटे भाग बनवायचे, तेही पेट्रोल इंजिनाचे. नियमाआधी घेतलेले थोडे बार त्यांच्याकडे कोपऱ्यात पडून होते.

“घ्या पाव्हणं, ठिऊन काय मला पूजा घालायचीय का त्याची?” असं म्हणून त्यांनी ते आमच्याकडे पोचवले.

त्याच सुमारास औद्योगिक संघटनेच्या हॉलमध्ये एक अधिकारी उद्योजकांच्या अडचणी ऐकायला आले होते. बाबा आणि काका गेले, मलाही नेलं. बाबांचा प्रश्न मी कागदावर लिहून आणला होता. कच्चं पोलाद आणायला चिन्ह लागतं, पण त्याच पोलादाचा तयार शाफ्ट बाहेरून खोक्यात भरून आणला तर त्याला तो नियम लागत नाही, हे कसं? बाबांनी माइक माझ्यापुढे धरला. मी तो पुढे सरकवला. काकांनी तो घेतला आणि कागदाकडे न बघताच म्हणाले, “सायेब, म्हंजी पीठ आनायला परवाना पायजे, आन थापलेली भाकरी आनली तर चालतीय. आमी तवा घिऊन बसलोय, आमी काय करायचं?”

हॉल हसला. अधिकारीही हसले आणि त्यांनी नोंद घेतली असं सांगितलं. चहा चांगला होता.

काकांच्या बारांतून आम्ही केलेले नमुने पास झाले. मग ऑडिट ठरलं. कंपनीचा माणूस येऊन गाळा बघणार, आणि त्याचा होकार आला तरच ऑर्डर.

आमच्या लेनमधल्या ऑडिटची एक पद्धत आहे. कोणाकडे ऑडिट असलं की ऑडिटचं सामान त्याच्या गाळ्यात जातं. आग विझवायचे लाल सिलिंडर, नाकारलेला माल टाकायचा लाल डबा, कानात घालायचे बोळे, ‘गुणवत्ता हाच आमचा धर्म’ अशी पाटी, चांगल्यातले सेफ्टी शूज. एवढं सगळं प्रत्येकाने घेऊन ठेवणं परवडत नाही, म्हणून ते हातगाडीवरून या गाळ्यातून त्या गाळ्यात फिरतं. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. माझं काम एवढंच की पाटी सरळ लागली आहे का ते बघायचं.

या वेळी त्यात काकांचा रफनेस टेस्टरही होता. शाफ्टचा पृष्ठभाग किती गुळगुळीत आहे ते मोजणारं हे छोटं यंत्र मोटरच्या शाफ्टला हवंच. आमच्याकडे ते नव्हतं. किकच्या शाफ्टला कधी कोणी ते विचारलंच नव्हतं.

खंडेनवमीला आम्ही सगळेच मशिनची पूजा करतो. पण काकूंना हळदीकुंकू पुसलं जातं हे आवडत नाही. म्हणून त्या दरवर्षी काकांच्या प्रत्येक हत्यारावर लाल नेलपॉलिशने बारीक स्वस्तिक काढतात. टेस्टरच्या निळ्या पेटीवरही ते होतं. मी पेटी पुसली, त्यावरचा काकांच्या गाळ्याच्या नावाचा कागद काढला, आणि स्वस्तिक तसंच राहू दिलं. ते निघणाऱ्यातलं नव्हतं, आणि देवाचं चिन्ह खरवडायला माझा हात धजावला नाही.

ऑडिटला आली ती माझ्याच वयाची मुलगी होती. ती इंग्रजीतच बोलायला लागली आणि मी आधी लिहून पाठ केलेली उत्तरं न अडखळता देत गेले. बाबा मागे हात बांधून उभे होते. तिने सगळं शांतपणे बघितलं, आग विझवायच्या सिलिंडरपुढे तर कौतुकाने मान हलवली. मग मोजमापाच्या टेबलाशी आली आणि पेटीपाशी थांबली.

“ही पेटी मी मंगळवारी पाहिलीय,” ती मराठीत म्हणाली. “पलीकडच्या गाळ्यात. हे स्वस्तिक लक्षात राहिलं माझ्या. माझी आईपण नेलपॉलिशनेच काढते.”

मी विचारलं, “मंगळवारी तुम्ही कुठल्या पार्टसाठी आला होतात?”

तिने आधी बाबांकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, “सेम पार्ट.”

एवढं इंग्रजी बाबांना कळतं. लेथवरच्या माणसालाही कळलं असावं, कारण त्याने मशीन बंद केलं.

मी सांगितलं की टेस्टर शेजारच्यांचा आहे, आम्ही तो मागून आणतो, नमुने आम्हीच त्यावर मोजले. ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. उसनं यंत्र आपलं म्हणून दाखवलं तर ते तिला लिहावंच लागणार होतं, आणि तिने ते लिहिलं. मग दोन वाटा सांगितल्या. स्वतःचा टेस्टर घ्या, किंवा शेजारच्यांकडून लेखी आणा की तो तुम्हाला कायम वापरायला मिळेल. पुढच्या आठवड्यापर्यंत.

मी लगेच दोन ठिकाणी फोन केले. टेस्टर यायला महिन्याहून जास्त लागणार होता. तोही बाहेरच्या देशातूनच येतो.

ती गेल्यावर बाबा स्टुलावर बसले. “पोलाद दिलं तेव्हाच त्याला माहीत होतं,” ते म्हणाले. “आपणही हेच करतोय हे.”

“आणि तुम्हाला? तेही करतायत हे माहीत होतं?”

त्यांनी हातातला मायक्रोमीटर पुसायला घेतला. “अंदाज होता. कोपऱ्यात तेच बार कोण उगाच ठेवतं?”

म्हणजे दोघांना माहीत होतं आणि दोघं रोज एकत्र चहा पीत होते. मी म्हटलं, मग जाऊन सही मागा. ते म्हणाले, कुठल्या तोंडाने मागू? त्यानंतर दोन दिवस ते चहालाही बाहेर आले नाहीत. काकाही आले नाहीत. चहावाला दोन्ही दारांत वेगवेगळे ग्लास ठेवून जायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मीच गेले. बाबांना सांगितलं नाही. काकांच्या गाळ्यात एकच मशीन चालू होतं.

“काका, एक सही हवी होती.”

“सही? लगीन-बिगीन ठरलं का काय, पोरी?”

“नाही. टेस्टरची.”

“व्हय, कळलं मला. बापानं पाठीवलं?”

“त्यांना माहीत नाही.”

“मंग बरंय. न्हाईतर म्हटलं आसतं, पाव्हण्याला पोरीला पुढं करायची सवय लागली.” त्यांनी मला स्टूल सरकवलं. “त्या चाकणच्या खरेदीवाल्यानं मला बाहेरच्या शाफ्टचा भाव दावला. म्हटला, ह्याच्या खाली या. म्या म्हटलं, आरं बाबा, पोलादच तेवढ्याला पडतंय, मंग शाफ्ट काय हवंचा करू? तुझा बाप करतोय म्हनं त्या भावात. कसं करतोय ते मला बी शिकव म्हनावं.”

बाबा कसं करणार होते ते मला माहीत होतं. स्वतःचा पगार न घेता.

“मी न्हाई करत,” काका म्हणाले. “गाळा भाड्यानं द्यायचं चाललंय. ऑनलाइनची खोकी ठेवनार हायेत. खोक्यांना ऑडिट नसतं.”

“आणि मशिनं?”

“इकायची. पर घेतंय कोन? समद्यांनीच इकायला काढल्याती.” त्यांनी चालू मशीनवरच्या माणसाकडे हात केला. “सही करतो. टेस्टर बी घिऊन जावा. पर माजी ही दोन मानसं तुमी ठेवायची. दिघीला ऱ्हात्यात. पोरं शाळंत हायेत.”

मशीनवरच्या माणसाने वर बघितलं नाही. त्याला सगळं ऐकू येत होतं.

“बाबांना विचारावं लागेल,” मी म्हटलं.

“इचार. सही त्याच्या मागनं.”

मी परत आले आणि बाबांना जसंच्या तसं सांगितलं. रात्रभर विचार करून सांगतो असं ते म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी लगेच म्हटलं, “ठेवू.” मी आदल्या दिवशीच सगळा हिशेब कॉम्प्युटरवर मांडून बघितला होता. त्या भावात आमच्याच माणसांचे पगार जेमतेम बसत होते. ते मी बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी ऐकलंही असतं, म्हणूनच बोलले नाही. ते उठून शेजारी गेले, आणि बऱ्याच वेळाने काकांचं मोठ्याने हसणं ऐकू आलं.

पुढच्या आठवड्यात ऑर्डर आली. सहा महिन्यांची. मेलमध्ये लिहिलं होतं, पहिल्या लॉटचं पोलाद कंपनी मिळवून देईल, पुढचं तुम्ही बघा. सहा महिन्यांनी बाहेरच्या भावाशी पुन्हा तुलना होईल. आणि तयार शाफ्टवर सरकारने काही निर्बंध आणले, तर मुदत वाढवण्याचा विचार करू. शेवटचं वाक्य मी बाबांना दोनदा वाचून दाखवलं. आता सकाळी उठल्यावर मी आधी सरकारी अधिसूचना बघते. पोलादाच्या, सुट्या भागांच्या, आयात शुल्काच्या. मैत्रिणी फोनवर काय काय बघतात, मी हे बघते. बहुतेक दिवशी आमच्यासाठी त्यात काही नसतं. ज्या दिवशी असतं, त्या दिवशी ते फायद्याचं की तोट्याचं हे मला दुपारपर्यंत कळत नाही.

महिन्याच्या पहिल्या तारखेला काकांची दोन माणसं आमच्याकडे आली. घरून धुतलेले शर्ट घालून आली होती, पहिला दिवस म्हणून. मोठा जो होता त्याने डबा हातातच धरला होता.

“मॅडम, हा कुठं ठेवू?”

मी फळी दाखवली. आमच्या माणसांनी आपले डबे सरकवून जागा केली. त्याने डबा ठेवला, पण तिथेच उभा राहिला.

“मॅडम, विचारू का? पोराची फी भरायचीय, वर्षाची एकदम भरली तर सूट देतात. इथं वर्ष निघंल ना?”

बाबा पलीकडे लेथवर पोलादाचा तुकडा लावत होते. त्यांचा हात थांबला, पण त्यांनी वळून बघितलं नाही. हा प्रश्न ते माझ्याकडेच राहू देणार होते.

“सध्या अर्ध्या वर्षाची भरा,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली, आणि कुठल्या मशीनवर उभं राहायचं ते विचारलं.