थाळी वाजवा, काकू

गौतमभाऊ डिश दुरुस्त करायला आले की लगेच छतावर चढत नसत. आधी ओट्यावर बसत, पाणी पीत आणि विचारत, "काकू, एवढ्यात घरात काय काय हाललं?" आता टीव्हीचं बोलायचं सोडून हे काय! पण त्यांचं म्हणणंच होतं, "डिश आपल्या मनानं बिघडत नाई. कोनीतरी तिले हात लावलाच असते."

आमचं गाव बेल्याकडचं, आदिलाबाद जिल्ह्यातलं. त्या उन्हाळ्यात आमच्या टीव्हीवर तेलुगू चॅनल दिसत, मराठी मात्र गायब. आदिलाबादहून एक मेकॅनिक आला, त्यानं अंगणातूनच बोट दाखवलं: कडुलिंब आड येतो, तोडा. तो लिंब आमच्या ह्यांनी लावलेला. हे गेले, पण माझा सकाळचा चहा अजून त्याच्याच बुडाशी होतो. मुलगा मात्र कुऱ्हाडवाल्याला सांगूनही आला. मी काय बोलणार? संध्याकाळी मालिका नाही म्हणून कुरकुर मीच केली होती ना!

झाड पडायच्या आदल्या दिवशी मी गौतमभाऊंना बोलावलं.

"भाऊ, लिंब तोडावाच लागते का?"

"काऊन घाबरून राह्यल्या? पयले आठवा, काय हाललं?"

"काई नाई. कुरडया घातल्या छतावर, बस."

"आन् कावळे?"

"कावळ्यांसाठी वर जुनं लुगडं ताणलं होतं की."

"दोरी कायले बांधली?"

मी वर डिशच्या पाइपाकडे बघितलं. ते वर गेले आणि तिथूनच ओरडले, "कुरडया तुमच्या आन् फाशी लिंबाले!" वाऱ्यानं लुगडं फुगलं होतं, दोरीच्या ओढीनं डिशचा पाइप फिरला होता. गंजाची जुनी खूण चांगली दोन बोटं सरकलेली. लिंब बिचारा वाटेतच नव्हता.

मग त्यांची नेहमीची रीत. ते वर डिश केसभर हलवणार, मी खाली पडद्यावरची सिग्नलची पट्टी बघणार आणि ती वाढली की थाळी वाजवणार. फोन त्यांना चालत नसे. "फोनवर मानूस लई बोलते. थाळी मुद्द्याचंच बोलते." पट्टी वाढली, मराठी बाई पडद्यावर बोलायला लागली, आणि मी अशी थाळी बडवली की शेजारची धावत आली, "कोन जन्मलं वं?"

उतरण्याआधी त्यांनी दोरी सोडली आणि छतावर वाकलेल्या लिंबाच्या जाड फांदीला बांधली. कुऱ्हाडवाला सकाळी आला, चहा पिऊन गेला. लिंबाखालीच.

आता गौतमभाऊंचे गुडघे गेले. शिडी सोडून ते निर्मल गावी लेकीकडे राहतात. उन्हाळा लागला की फोन येतो. तब्येत नाही, पाणी नाही, पहिला प्रश्न एकच.

"काकू, दोरी कुठं हाय?"

"लिंबालेच, भाऊ."

"मंग बरं हाय," म्हणतात, आणि ठेवून देतात.