पुरुषोत्तमकाकांची पारख

ब्रॅकनेलच्या मैदानाच्या कडेला, चुन्याच्या पांढऱ्या रेघेवर, लोकरीची टोपी कानांवर ओढून एक ठेंगणे गृहस्थ दर रविवारी केशरी टोकाचा खांब धरून उभे असायचे. ते पुरुषोत्तमकाका. वय त्रेसष्ट. स्लाऊच्या एका गोदामात सव्वीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवून निवृत्त झालेले. मीनाक्षीकाकू नर्स म्हणून विलायतेत आल्या आणि काका त्यांच्यामागून आले. "मला बायकोनं आणलंय," असं ते कुणालाही छाती पुढं काढून सांगायचे.

मैदानावर खेळ चालायचा तो अमेरिकन फुटबॉलचा. हेरन्स, म्हणजे बगळे, नावाचा हौशी संघ. आठवडाभर कुणी नळ दुरुस्त करायचा, कुणी टपाल वाटायचा, आणि रविवारी हेल्मेट चढवून सगळे चिखलात एकमेकांवर धडकायचे. या खेळात संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकावं लागतं. ते अंतर मोजायला दोन खांब आणि मध्ये साखळी. सात वर्षांपूर्वी काका तिथून पायी चालले होते, खांबाचा माणूस आला नव्हता, आणि गॅरेथ नावाच्या कोचनं त्यांना हाक मारली, "साहेब, जरा हे धरता का?" काकांनी जो खांब धरला तो धरलाच.

पण काकांचा खरा मान होता तो त्यांच्या नजरेला. तासगावकडच्या आपल्या गावात ते तरुणपणी खो-खो खेळायचे. सात मिनिटांच्या डावात सातही मिनिटं नाबाद राहिलेला पोरगा म्हणून पंचक्रोशीत नाव होतं. धावणाऱ्याचा पाय जमिनीला कसा लागतो, कंबर आधी वळते की गुडघा, हे त्यांना पाणी दिसावं तसं दिसायचं. पहिल्याच वर्षी एका जाडजूड इलेक्ट्रिशियनकडं बोट दाखवून ते गॅरेथला म्हणाले होते, "याची टाच बघ. टेकतच नाही." तो इलेक्ट्रिशियन त्या मोसमात संघाचा सगळ्यात भरवशाचा गडी ठरला. तेव्हापासून दर मार्चमध्ये नवी मंडळी आली की गॅरेथ थर्मासमधला चहा घेऊन काकांपाशी यायचा. "काय दिसतंय?"

दोन हजार आठच्या मार्चमध्ये मात्र काकांना चहा कडू लागला. रिसीव्हरची, म्हणजे धावत जाऊन लांबचा चेंडू झेलणाऱ्याची, एकच जागा उरली होती. तिच्यासाठी दोघे. एक जेरोम, स्लाऊचा पोस्टमन. पाय बेताचे, पण हातात आलेला चेंडू कधी न सोडणारा. दुसरा साकेत, एकोणीस वर्षांचा, ईलिंगमध्ये जन्मलेला. काकांचाच चेला. महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या वर्गात आठ वर्षांच्या साकेतला काकांनी पार्कातल्या गवतावर खो-खो शिकवला होता. हा खेळ बघायला हेरन्सच्या मैदानावर त्याला पहिल्यांदा आणलं तेही काकांनीच. आता त्याला या जागेपलीकडं काही दिसत नव्हतं.

आणि तो पळायचा काय! समोरचा डावीकडं झुकेपर्यंत हा उजवीकडून निघून गेलेला असायचा. काकांचा ऊर भरून यायचा. मग लांबून चेंडू यायचा, साकेतच्या हाताला लागायचा आणि चिखलात पडायचा. पहिल्या रविवारी सहापैकी चार पडले.

"हाताला साबण लावून येतो का हा?" गॅरेथ म्हणाला. "दोन आठवड्यांनी यादी द्यायचीय. तू सांगशील तोच घेतो. पण खरं सांग. तुझा आहे म्हणून नको."

"खरं सोडून मी कधी काही सांगितलंय?" काका फुरंगटून म्हणाले.

साकेत हेल्मेट काखेत मारून त्यांच्याजवळ आला. "काका, बॉल हातात येते, पण राहात नाही. माझी हात खराब आहे."

"हात बरा आहे. मला बघू दे."

दुसऱ्या रविवारी काकांनी हातांकडं बघायचं सोडलं. पायांकडंही नाही. ते फक्त साकेतच्या मानेकडं बघत राहिले. साकेत सुटला, वळला, मोकळा झाला. चेंडू हवेत आला. आणि साकेतची हनुवटी अजून मागच्याच गड्याकडं. चेंडू अंगावर येऊन ठेपला तेव्हा कुठं मान फिरली. उशीर झाला होता.

काकांच्या हातातला खांब कलला. अकरा वर्षांपूर्वीचा स्वतःचाच आवाज त्यांना ऐकू आला, ईलिंगच्या पार्कात गळा ताणून ओरडणारा: "खांदा बघ साकेत, खांदा! पाठलाग करणाऱ्याच्या खांद्यावरची नजर काढायची नाही!" खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मागं वळता येत नाही, त्याचा खांदा ज्या बाजूला, तिकडंच तो जाणार. ज्यानं खांदा वाचला तो वाचला. आणि खो-खोत चेंडू नसतो.

घरी आल्यावर काकांनी बूट काढले आणि तसेच जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.

"काय झालं? हरले का तुमचे बगळे?" मीनाक्षीकाकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

काकांनी सगळं सांगितलं. काकू हात पुसत बाहेर आल्या.

"म्हणजे पोरानं नाही, तुम्हीच पाडले की हो ते चेंडू!"

"तेच म्हणतोय मी."

"बरं झालं. कधीतरी तुमचंही चुकतं हे मला एकटीलाच ठाऊक होतं, आता साऱ्या ब्रॅकनेलला कळेल." मग त्या शेजारी टेकल्या. "अहो, शिकवलंय ते काढताही येईल. रुग्णाला चुकीचा पाय आधी टाकायची सवय लागली तर आम्ही चालणं पहिल्यापासून शिकवायचो. करा काहीतरी."

बुधवारी साकेत कॉलेज आटोपून स्लाऊच्या पार्कात आला. काकांनी आधी त्याच्यापुढं स्वतःची चूक ठेवली, एक शब्द न गाळता. साकेतनं डोळे मोठे केले.

"काका! मग मी दोन आठवडा माझ्या हाताला शिव्या देतो ते फुकट?"

"मला दे शिव्या."

"मराठीत येत नाही मला शिवी."

"ते माझं नशीब," काका म्हणाले आणि पिशवीतून चेंडू काढला. त्याच्या कातड्याच्या चार फाकांवर काळ्या शाईनं ठळक आकडे काढले होते: ५, ६, ७, ९. इंग्रजी आकडा पोरगं डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचेल, हे काकांना माहीत होतं. मंडळाच्या वर्गात साकेत मराठी आकड्यांशी कायम अडखळायचा. तो आकडा वाचायचा तर त्याला चेंडूकडं टक लावून बघावंच लागणार होतं. "झेलायच्या आधी आकडा ओरडायचा. नाही ओरडलास तर झेल धरला जाणार नाही."

काकांची फेक वेडीवाकडी. चेंडू कोंबडीसारखा फडफडत यायचा. "पाच! नाही, सहा!" साकेत ओरडायचा, आणि चेंडू पोटावर आपटायचा. अर्ध्या तासानं तो नीट ओरडू लागला. मग काकांनी सोबत येऊन बाकावर बसलेल्या काकूंना पाठलागावर पाठवलं. काकू ओव्हरकोटात, एका गुडघ्यानं कुरकुरत, साकेतच्या मागं निघाल्या, "अरे इकडं बघ, मी आले, आले बघ मी!" आणि साकेतची मान हटकून त्यांच्याकडं वळायची.

"मला काय बघतोस मेल्या, चेंडू बघ!" काकू ओरडायच्या. कुत्र्यांना फिरवणारी माणसं थांबून बघत होती.

शुक्रवारी पुन्हा. शनिवारीही.

शेवटच्या रविवारी साकेतनं सहापैकी चार झेलले. दोन वेळा मात्र मान पुन्हा मागं गेली. जेरोमनं सहाच्या सहा झेलले. गॅरेथ चहा घेऊन आला. काकांनी थर्मासचं झाकण दोन्ही हातांत धरलं. वाफ चष्म्यावर आली.

"जेरोमला घे," काका म्हणाले. "एप्रिलमध्ये तुला झेल हवेत. साकेतचे पाय आज तयार आहेत, नजर नाही. ती मी बिघडवली होती. जूनपर्यंत येईल जागेवर."

"नक्की?"

"नक्की. पण त्याला सरावातून काढू नकोस. आणि सामन्याला माझ्याबरोबर दे. दुसरा खांब धरायला."

साकेतला त्यांनीच सांगितलं, गाडीपाशी. पोरगं खाली मान घालून बराच वेळ बुटाचा चिखल खरवडत राहिलं. "मला वाटला, तुम्ही माझं नाव सांगणार."

"सांगितलं. जूनच्या पुढं."

साकेतनं बूट जमिनीवर आपटून उरलेला चिखल झाडला. मग म्हणाला, "दुसरा खांब जड आहे का?"

एप्रिल आणि मे साकेतनं रेघेवर काढले. खांबाच्या माणसाचं काम एकच: चेंडू कुठं आहे ते बघायचं. चेंडू हातातून सुटल्यापासून जमिनीवर टेकेपर्यंत नजर हलवायची नाही, नाहीतर साखळी चुकीच्या जागी लागते. पहिल्या सामन्यात साकेतनं ती दोनदा चुकवली आणि पंचांची बोलणी खाल्ली. मेच्या अखेरीला काका न बघताच त्याच्या बरोबरीनं चालू लागले. मधल्या वेळात दोघं बोलायचे. साकेत विचारायचा, तासगावला अजून खो-खो खेळतात का, आणि काका सांगत सुटायचे, इतके की एकदा पंचालाच त्यांना हाक मारावी लागली.

जूनच्या दुसऱ्या रविवारी, उन्हं स्वच्छ पडली असताना, आघाडीच्या एका रिसीव्हरचा घोटा मुरगळला. गॅरेथनं रेघेकडं वळून बघितलं. नुसतं बघितलं. साकेतनं केशरी खांब काकूंच्या हातात दिला. त्या डबा घेऊन आल्या होत्या.

"हे कसं धरायचं असतं?" काकूंनी विचारलं.

"सरळ धर. चेंडू बघ," काका म्हणाले.

हेल्मेट चढवून साकेत मैदानात उतरला आणि सुटला. एक पाऊल आत, खांदा बाहेर, समोरचा गडी भलतीकडं झुकला. चेंडू उंच निघाला. काका या खेपेला पाय बघत नव्हते, हात बघत नव्हते. साकेतची हनुवटी वर गेली, मान मागं वळली नाही, आणि ज्या चेंडूवर एकही आकडा काढलेला नव्हता त्याच्याकडं टक लावून तो जिवाच्या आकांतानं ओरडला,

"सात!"

पाठलागावरचा गडी दचकून जागीच अडखळला. चेंडू साकेतच्या छातीशी घट्ट बसला.

पंचांनी हात केला. काकांनी खांब उचलला, काकूंनी दुसरा उचलला, आणि साखळी मध्ये हलकेच झुलवत दोघं उन्हातून पुढं चालत गेली.