अंगठा बुक हाय

तिकिटांचा पत्र्याचा ट्रे तो डाव्या हातात धरायचा, त्यामुळे प्रवाशाला आधी दिसायची ती त्याची नखं. करंगळी गुलाबी, तिच्या शेजारचं बोट शेंदरी, मधलं जांभळट, तर्जनी मोतिया. खाकी कपडे, छातीवर बिल्ला, भरघोस मिशी आणि एका हाताची चार नखं चार रंगांची. कुणी हसलं तरी तो हात मागे घेत नसे. "नमुना हाय," म्हणायचा. "रंग तोंडी सांगता येत न्हाई." आणि पुढच्या सीटकडे वळायचा.

त्या वर्षांत तुम्ही लातूर-नांदेड गाडीने गेला असाल, तर हा हात तुम्हीही पाहिला असेल. लातूर अजून तालुक्याचं गाव होतं. जिल्हा होणार, याची चर्चा प्रत्येक हॉटेलात चालायची. मी नांदेडच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. बातम्यांचं पाकीट दुपारच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचं आणि नांदेडच्या स्टँडवर कार्यालयातल्या माणसाने ते घ्यायचं, अशी पद्धत होती. बहुतेक दिवस ती गाडी त्याची असे.

पाकीट एकटं जात नसे. आमच्या गल्लीतल्या बायका त्याच्याकडून नांदेडहून बारीकसारीक वस्तू मागवत. स्नोची डबी, केसांची जाळी, कस्टर्डची पावडर, जेलीचं पाकीट, शरबताचे फुलं काढलेले ग्लास. लातूरला यातलं काही मिळत नव्हतं असं नाही. पण गंजगोलाईच्या बाजारातल्या दुकानात दीर, सासरे, ओळखीचे बसलेले. तिथे उभं राहून नेलपॉलिश मागायचं कुणी? कंडक्टरला सांगणं सोपं होतं. तो ऐकून घ्यायचा आणि पुढच्या फेरीला वस्तू आणायचा. स्वतःसाठी वरचा एक पैसा घेत नसे. कुणी आग्रह केलाच, तर चहा.

नेलपॉलिशची मात्र अडचण होती. "लाल आणा" म्हटलं तर तो कुठला लाल आणणार? म्हणून संपत आलेल्या बाटलीतला शेवटचा थेंब बायका त्याच्याच नखावर लावून देत. पाकीट घ्यायला गल्लीत आला की तो ओट्यावर हात पसरून ठेवायचा. बाई हाताला हात न लावता लांबून ब्रश फिरवायची. नांदेडला वजिराबादच्या दुकानात तो नख बाटलीला टेकवून रंग जुळवायचा. जुळला की नख खरवडून मोकळं. उजव्या हातावर नमुना घेत नसे, कारण त्यात तिकिटाचा चिमटा असायचा आणि रंग घासायचा. एका वेळी चार बायका, पाचवीने थांबायचं.

"अंगठा रिकामा आहे की," पाचवी म्हणायची.

"अंगठा बुक हाय," तो म्हणायचा.

एकदा त्याने कुणासाठी तरी केवड्याच्या अर्काची बाटली घेतली होती. बूच सैल होतं. ती परत करायला तो दुसऱ्या दिवशी नांदेडला घेऊन निघाला आणि पिशवीत ती नेमकी माझ्या पाकिटावर कलंडली. पाकिटात टँकरची बातमी होती: कुठल्या गावात टँकर आला नाही, बायका कुठवर पाण्याला जातात. चार दिवसांनी उपसंपादकांचं पत्र आलं. "आपली टंचाईची बातमी लावली. ती वाचून डोळ्यांत पाणी आले की केवड्याने, हे ठरवता आले नाही." मी ते त्याला वाचून दाखवलं. तो हसला नाही. "वास बातमीला लागला का वो, साहेब? छापून आल्यावर बी येतो का?" असं त्याने गंभीरपणे विचारलं.

एकदा चाकूरच्या पुढे तपासणीस चढले. तिकिटं तपासून झाली, मग नजर नखांवर गेली.

"हे काय? ड्युटीवर आहात का तमाशात?"

"नियमात टोपी, बिल्ला, बूट लिवलंय साहेब. नखाचं काय न्हाई."

मागे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. तपासणीसांनी वही मिटली. अहमदपूरला उतरताना मात्र दारात रेंगाळले आणि आवाज खाली करून म्हणाले, "आमच्या घरी एक फिका गुलाबी हवा होता. म्हणजे आपल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा."

"तोंडी न्हाई जमत साहेब. बाईसाहेबांची जुनी बाटली आणा. मधलं बोट रिकामं ठिवतो."

आमच्या शेजारच्या अक्का त्याच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाईक. घर अडत व्यापाऱ्याचं, सोवळं कडक. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, पूजेआधी पाण्याचा थेंबही नाही. त्या मागवायच्या तो गडद डाळिंबी रंग आणि लावायच्या फक्त पायांच्या नखांना, तेही नऊवारीच्या काठाखाली झाकलेल्या. माझ्या बायकोने एकदा विचारलं, "अक्का, हे दिसतं कुणाला?"

"मला दिसतंय की," अक्का म्हणाल्या.

हे त्याच्या कानावर गेलं तेव्हा त्याने मान हलवली. "बरोबर हाय," म्हणाला.

त्याची आणखी एक सवय होती, ती माझ्या उशिरा लक्षात आली. लोहा यायच्या अलीकडे एक फाटा आहे. चार कडुलिंबाची झाडं, एक पत्र्याचं चहाचं दुकान, आत जाणारी मातीची वाट. तिथे उतरणारं कुणी असो वा नसो, तो दोरी ओढून एक घंटी द्यायचा. गाडी थांबायची. तो दार उघडून पायरीवर उभा राहायचा, वाटेकडे बघायचा, मग दार लावून दोन घंट्या द्यायचा. ड्रायव्हर काही विचारत नसे. नवखा प्रवासी कुरकुरला, तर ड्रायव्हरच म्हणायचा, "इंजनाला दम खाऊ द्या की जरा."

त्या उन्हाळ्यात मी नांदेडला निघालो होतो आणि त्याच फाट्याच्या पुढे गाडी पंक्चर झाली. ड्रायव्हर चाकाशी बसला, प्रवासी सावलीला पांगले. आम्ही दोघे पुलाच्या कठड्यावर बसलो. नदीचं नाव असलेला तो ओढा पूर्ण कोरडा होता. मी त्याला विचारलं, "अंगठा कुणाचा बुक आहे?"

त्याने पिशवीच्या आतल्या कप्प्यातून एक बाटली काढली. बोटाच्या पेराएवढी. तळाला विटकरी लाल रंगाचा सुकलेला थर, त्याच्याखाली चिकटवलेला नंबर.

"मोठ्या दुष्काळातली हाय," तो म्हणाला.

त्या साली तो आणि त्याची बायको दुष्काळी कामावर खडी फोडत होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एका बाजाराच्या दिवशी पगारातून त्याने ज्वारी घेतली, मीठ-मिरची घेतली आणि बांगडीवाल्याच्या पाटीतून ही बाटली घेतली. का घेतली, ते त्याला अजून सांगता येत नव्हतं. "तिची नखं फुटली होती साहेब. दगडानं. मला बघवंना."

दुसऱ्या दिवशी ती नखं रंगवून कामावर गेली. अंगठा सोडून; हजेरीपटावर अंगठा लागायचा, त्याला शाई. टोळीतल्या बायका आधी हसल्या. मग भाकरीच्या सुट्टीत एकेक जण येऊन तिच्यासमोर बसली आणि बोट पुढे केलं. बाटली केवढी! तिने प्रत्येकीची फक्त करंगळी रंगवली. "सांजच्याला हजेरीला उभ्या ऱ्हायल्या तर समद्यांच्या करंगळ्या लाल. मुकादम बघतच ऱ्हायला."

हे सांगताना तो हसत होता.

"घरी आईनं बघितलं. म्हणली, लोकं पाला खायलेत आन् ही नखं रंगवायली. बाटली घेतली आन् उकिरड्यावर फेकली. बायकू माझ्याकडं बघायली. म्या काय तरी बोलंन म्हणून."

"मग?"

"म्या तांब्या उचलला, साहेब. पाणी पीत ऱ्हायलो. लई वेळ प्यालो."

सकाळी ती माहेरी निघून गेली. माहेर त्या फाट्यावरून आत. बाटली त्याला उकिरड्यावर सापडली, न फुटलेली. पुढे तो एस.टी.त लागला, हा मार्ग मागून घेतला. आई वारली, त्यालाही काही वर्षं झाली होती. बायकोने दुसरं लग्न केलं नव्हतं, एवढं फाट्यावरच्या चहावाल्याकडून कळायचं.

"मग जाऊन आणायचं तिला," मी म्हणालो.

"काय तोंड घिऊन जाऊ? तवा गप ऱ्हायलो, आता काय बोलू?" त्याने बाटली उन्हात धरली. "ह्योच रंग घावला तर जाईन. मंग बोलायचं काम पडत न्हाई."

नांदेडची सगळी दुकानं त्याने पालथी घातली होती. हा नंबर आता येत नाही, असं सगळे सांगायचे. अंगठा त्यासाठी राखलेला होता.

पुढे लातूर जिल्हा झाला. गुलाल उधळला गेला, फटाके वाजले, कार्यालयांवर नव्या पाट्या लागल्या. त्या बातम्यांचं पाकीट त्यानेच नेलं. साहेब लोक कुटुंबांसह राहायला आले आणि त्यांच्या मागोमाग काचेच्या कपाटांची जनरल स्टोअर्स आली. काउंटरवर अनोळखी पोरगे. त्यांना कुणाची सून कोण ते माहीत नव्हतं. बायका स्वतः जाऊन हवं ते निवडू लागल्या. त्याच्या बोटांवरचे रंग एकेक करून गेले. आधी तर्जनी, मग मधलं. एक दिवस ट्रे धरलेला हात साधा दिसला, चारचौघांसारखा.

"गाडी रिकामी चालली," तो नखांकडे बघून म्हणाला. एवढंच.

त्या रंगाची बाटली शेवटी अक्कांनी शोधली. हकीकत त्यांना माझ्या बायकोकडून कळली होती; जुन्या बाटलीचा नंबर आणि तळाचा थर त्यांनी त्याच्याकडे अनेकदा पाहिला होता. मेन रोडच्या एका नव्या दुकानात, कुठल्या तरी बंद पडलेल्या दुकानातून उचललेला जुना माल टोपलीत टाकलेला होता. त्या टोपलीत अक्का अर्धा तास हात घालून बसल्या, असं माझी बायको सांगते. दुसऱ्या दिवशी तो पाकीट घ्यायला आला तेव्हा त्यांनी ती ओट्यावर ठेवली. तीच कंपनी, तोच नंबर. त्याने जुनी बाटली काढून शेजारी ठेवली. दोन्हींकडे बघत राहिला. हात लावेना.

"घ्या की भाऊ," अक्का म्हणाल्या. "आता जावा."

सुट्टीच्या दिवशी तो गेला. सोमवारी तो पाकीट घ्यायला आला तेव्हा अक्का ओट्यावर येऊन उभ्या होत्या. त्याने डावा हात पुढे केला. अंगठ्याचं नख विटकरी लाल होतं. रंग कडेने कातडीवर गेलेला, एका बाजूला ओघळलेला. त्याच्या हातचं काम नव्हतं. त्याला रंग नीट लावता यायचा.

"तिनं लावला," तो म्हणाला.

"मग? येणार का?"

"दारातल्या बाजंवर बसवलं. पाणी दिलं. बाटली बघितली, म्हणली, हात आणा. लावलं. लांब धरून बघितलं आन् म्हणली, ह्यो न्हाई. त्यो जरा गडद होता."

अक्का उसळल्या. "अहो, काय बोलायली ती! नंबर तोच आहे की! मी स्वतः बघितला."

"हाव अक्का. मला बी दिसतंय."

"मग सांगायचं की तिला!"

"ती न्हाई म्हणली म्हणल्यावर न्हाई." त्याने हात खिशात घातला. "फुडच्या सुट्टीला गडद घिऊन जातो."

अक्का आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या.

त्यानंतर काही महिने दर हप्त्याला तो अंगठा बदलत गेला. गडद, फार गडद, जरा फिका, तपकिरीकडे झुकणारा. दर वेळी कडेने सांडलेला, पण पुढे पुढे कमी. "काय म्हणली?" मी विचारायचो. "जवळ आलाय म्हणली," तो सांगायचा. किंवा, "ह्यो तर लईच लांब." त्या फाट्यावर तो अजूनही एक घंटी द्यायचा आणि पायरीवर उभा राहायचा.

आमची शेवटची भेट स्टँडवरची. अंगठा कोरा होता. मला वाटलं, संपलं.

"ह्या टायमाला बाटली न्यायची इसरलो," तो म्हणाला. "रिकाम्या हातानं गेलो. वाटंत ध्यानात आलं, पर माघारी फिरलो न्हाई."

"मग?"

"म्हणली, आता रंगवू कशानं? म्हणलं, चुकलं. तर म्हणली, जेवून जावा." त्याने माझ्या हातातलं पाकीट घेतलं. "निघताना म्हणली, फुडच्या टायमाला इसरू नगा."

त्याने पाकीट पिशवीत घातलं, जुन्या बाटलीचं बूच तपासलं, घंटी दिली. त्याच महिन्यात तिच्या माहेराकडच्या डेपोत बदली मागून तो गेला, असं कळलं. तिने नांदायचं कबूल केलं की नाही, हे मला खात्रीने सांगता येत नाही. डेपोतल्यांकडून दोन्ही ऐकलं आहे, आणि दोन्ही सांगणाऱ्यांनी स्वतः काही पाहिलेलं नाही.

नंतर एकदा मी त्याच गाडीने नांदेडला गेलो. ड्रायव्हर जुना, कंडक्टर नवा. पाची नखं साधी, हात चपळ. फाटा आला. घंटी झाली नाही, तरी गाडीचा वेग कमी झाला. चार लिंबं, पत्र्याचं दुकान, आत जाणारी वाट. वाटेवर कुणी नव्हतं.

"कोण हाय उतरणार?" मागून नव्या कंडक्टरने ओरडून विचारलं.

कुणीच उठलं नाही. ड्रायव्हरने वाटेच्या दिशेने एकदा हॉर्न दिला आणि गियर बदलला.