साडूंचा उड्या मारणारा फॉर्म

आमच्या धाकट्या साडूंइतका प्रश्न विचारणारा माणूस अख्ख्या नाशकात नाही, आणि गरज नसलेला प्रश्न एवढ्या निष्ठेने गिळून टाकणाराही नाही. भाजीवालीला म्हणतील, "मेथी आजची आहे का? असेल तर भाव सांग, कालची असेल तर सांगू नको." ती विचारात पडते, तोवर हे पुढच्या गाडीवर. लग्नाची पत्रिका घेऊन कुणी आलं तर मुहूर्त सकाळचा की संध्याकाळचा ते आधी विचारणार. सकाळचा म्हटला की जेवणाचं विचारणार, संध्याकाळचा म्हटला की परतीच्या बसचं. लग्न कुणाचं, हे बहुतेक राहूनच जातं.

हे वेड नव्वद सालानंतरचं. तेव्हा आम्ही दोघं सातपूरला एकाच कारखान्यात, मी लेथवर, ते ट्रेनिंगच्या ऑफिसात. त्यांनी कामगारांसाठी एक छापील फॉर्म काढला. 'उत्तर हो असल्यास प्रश्न नऊकडे जा, नाही असल्यास चौदाकडे.' आता आम्हा कामगारांची रीत अशी की कागदावर जेवढ्या रेघा तेवढं लिहायचं, रेघ मोकळी सोडली तर साहेब खवळतो. त्यामुळे सगळ्यांनी सगळंच भरलं. एका बिनलग्नाच्या फिटरने मुलांच्या नावांपुढे लिहिलं, 'पुढे कळवतो.' साडूंना दोन दिवस अन्न गेलं नाही.

पुढे निवृत्त झाले, इंदिरानगरच्या घरात कॉम्प्युटर आला आणि हे कोच झाले. क्रिकेटचे नव्हे, आयुष्याचे. सल्ला देत नाहीत, नुसतं विचारतात, उत्तर गिऱ्हाइकाने आपलं आपण शोधायचं. म्हणजे काम गिऱ्हाइकानेच करायचं, असं मी तोंडावर बोललो, तर उलट खूश झाले. भेटीआधी गिऱ्हाइकाने इंटरनेटवर फॉर्म भरायचा, आणि त्यात नको तो प्रश्न दिसतच नाही. नोकरी नाही म्हणा, साहेबाबद्दलचे सगळे प्रश्न गडप. तो फॉर्म पहिल्यांदा चालला त्या दिवशी साडूंचा चेहरा नवरदेवासारखा झाला होता.

मी चौथी शिकलेला. मला भरता आला तर कुणालाही येईल, म्हणून त्यांनी मलाच पहिलं खुर्चीत बसवलं. आमची ही जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. लग्नाच्या प्रश्नाखाली मी 'विधुर'वर दाबलं, तर फॉर्मने टुणकन उडी मारली ती थेट 'झोप कशी लागते' यावर. मी मागे आलो आणि 'विवाहित'वर दाबलं. सात प्रश्न उघडले. तिला काय आवडतं, घरात कुणाचं चालतं, शेवटचं भांडण कशावरून. एका बोटाने तासभर लागला, पण सातही भरले.

साडूंनी वाचलं, चष्मा काढला. "दादा, इथं चुकून भलतीकडे दाबलं गेलं."

"चुकून नाही. चाळीस वर्षं एका बाईबरोबर काढली, आणि तुमच्याकडे तिच्याबद्दल एक प्रश्न नाही?"

माणसाला त्रास नको म्हणून ते गाळलंय, म्हणाले. मी म्हटलं, "सगळ्यांनीच गाळलंय. तेराव्यापासून माझ्यासमोर कुणी तिचं नाव काढत नाही. तुमची बायकोसुद्धा नाही, आणि ती तर सख्खी बहीण."

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. साडूंनी खुर्ची फिरवली, कॉम्प्युटरकडे पाठ केली. "कशावरून झालं होतं, शेवटचं?"

मी सांगितलं. गच्चीवर नागलीचे पापड वाळत होते, मला कावळे हाकायला बसवलं होतं, मी पेंगलो आणि अर्धे पापड गेले. तेवढ्यात मेहुणी बाहेर आली. "अर्धे नाही, सगळे. ताईने फोनवर तुम्हाला घातलेली एकेक शिवी मला पाठ आहे." आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसताच रडली.

त्याच आठवड्यात फॉर्म बदलला. 'विधुर'खाली आता एक प्रश्न येतो, तिच्याबद्दल सांगायचंय का. हो म्हटलं की मोकळी जागा उघडते, कितीही लिहा. नाही म्हटलं तर काय उघडायचं, हे मात्र साडूंना सुचेना. मी म्हटलं, थोडं थांबून परत विचारायचं. ते काही कॉम्प्युटरला जमलं नाही. म्हणून दर रविवारी ते स्वतःच येतात आणि विचारतात. कधी मी नाही म्हणतो. मग ते पुढचा प्रश्न न विचारता तसेच बसून राहतात.