खोर फक्कानच्या गेटवरचा निरोप

पुण्याहून वहिनींचा फोन आला आणि आमची ट्रिप ठरली. माझे थोरले भाऊ अण्णा अमिरातीच्या पूर्व किनाऱ्यावर, खोर फक्कानच्या बंदरात नोकरीला, एकटेच राहायचे. छातीत दुखतंय म्हणून फोनवर सांगत होते, पण डॉक्टरचं नाव काढू देत नव्हते. "धरून दुबईला घेऊन या," वहिनी म्हणाल्या. १९९८ च्या डिसेंबरातल्या एका शुक्रवारी मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी ईरा दुबईतल्या अल मनखूलहून निघालो.

धैद, मग मसाफी. सगळं मिळून अडीच तास. मसाफीच्या बाजारात जरूर थांबा. शावर्मा तीन दिरहम, म्हणजे पस्तीस रुपये. गालिचेवाल्याच्या नजरेला नजर देऊ नका, गळ्यातच पडतो. पुढे डोंगर लागतात, काळे, एक झुडूप नसलेले. ते आपल्याकडे बघताहेत असं मला दरवेळी वाटतं.

ईराच्या शाळेत अमेरिकन राष्ट्राध्यक्षांवर क्विझ होती, आणि अण्णांना त्यांच्या सगळ्या कुंडल्या पाठ. त्यांच्या खोलीवर जेवताना ते रंगात आले. एक राष्ट्राध्यक्ष म्हणे एका हाताने लॅटिन आणि दुसऱ्याने ग्रीक लिहायचा. एक मूळचा शिंपी. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"ज्याला नाटक बघताना गोळी घातली ना, तो पहारेकऱ्याला रोज 'गुड नाइट' म्हणायचा. त्या संध्याकाळी 'गुड बाय' म्हणाला म्हणे."

"दॅट्स क्रीपी, काका."

"म्हणून आपण 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणायचं." याबाबतीत अण्णा फार कडक. पुण्यात पोस्टमन 'जातो' म्हणाला तरी त्याला टोकायचे.

मी डॉक्टरचा विषय काढला. "उद्या जहाज लागतंय रे. पुढच्या आठवड्यात बघू, इन्शाल्ला. खलास." वाद घालून मी हरलो.

तीनच्या शिफ्टसाठी त्यांना बंदराच्या गेटवर सोडलं. खिडकीतून ईराच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "जातो." आणि आत गेले.

भर दुपारी समुद्र ताटातल्या पाण्यासारखा निश्चल होता. दहा मिनिटं गाडी किनाऱ्याने चालली.

"बाबा, काका सेड जातो."

"चुकून गं."

"ही नेव्हर सेज दॅट."

मी गाडी वळवली.

अण्णा सिक्युरिटीच्या खुर्चीत होते, चेहरा राखेसारखा. वॉचमन पुठ्ठ्याने वारा घालत होता. "भाईसाब, अच्छा हुआ आप आ गये. मैं किसको फोन करूँ, समझ नहीं आ रहा था."

वेळेवर हॉस्पिटलात पोचल्यामुळे अण्णा वाचले. आता पुण्यात असतात. एकदा मी त्या 'जातो'बद्दल विचारलंच. "म्हणालो खरा," ते म्हणाले. "माझ्या तोंडून कोण बोललं, ते मला विचारू नकोस."

ईरा आता अकरावीत आहे. घरात सगळं इंग्रजीत चालतं. निघताना मात्र दारात थांबून "येते" म्हणते, आणि मी "ये" म्हणेपर्यंत उंबरा ओलांडत नाही.