सतराचा पाढा

मास्तरांना कुणी नमस्कार केला, की ते समोरच्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघत. बघून झालं की म्हणत, "डावा वाकडा पडतो तुजा." हाच त्यांचा नमस्कार. पहिल्या दिवशी तो माझ्याही वाट्याला आला, आणि त्या दिवसापासून मला हा माणूस आवडला नाही. पुढे तीन वर्षं त्यांच्याकडे शिकले म्हणून आवडायला लागला, असंही काही झालं नाही.

मास्तर बेलापूरजवळच्या दिवाळे गावचे. शाळेत गणित शिकवायचे, आणि शाळेला पी.टी.चा शिक्षक कधी मिळाला नाही म्हणून शिट्टीही त्यांच्याच गळ्यात पडली. निवृत्त झाले तरी ती गळ्यातून उतरली नाही. बेलापूर-नेरूळच्या आम्हा पाच-सहा ऑफिसवाल्यांना चाळिशीत ट्रायथलॉनचं वेड लागलं. पोहणं, सायकल आणि धावणं, तिन्ही एका दमात करायची ही शर्यत. पोहणं आम्ही आपापल्या तलावात शिकलो. बाकीच्या दोहोंसाठी कुणीतरी मास्तरांचं नाव सुचवलं. त्यांनी स्वतः अशी एकही शर्यत केलेली नव्हती. ते स्कूटरवरून आमच्या शेजारून जात आणि ओरडत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी रोज पहाटे डोळ्यांनी पाहिलंय.

त्यांचा मुख्य सराव म्हणजे सायकल आणि लगेच धावणं. पाम बीच रोडवरून वाशीपर्यंत जाऊन यायचं, त्यांच्या अंगणातल्या भिंतीला सायकल टेकवायची, बूट बदलायचे आणि खाडीच्या रस्त्याने पळत सुटायचं. ज्यांनी हे केलं नाही त्यांना सांगून कळणार नाही, पण सायकलवरून उतरल्यावर काही वेळ पाय आपले नसतातच. नुसते वरवंटे. नेमके तेव्हा मास्तर स्कूटर जवळ आणत आणि म्हणत, "हां बाय, सतराचा बोल."

होय, सतराचा पाढा. कधी एकोणीसचा, कधी तेवीसचा. धावता धावता, मोठ्याने. त्यांचं म्हणणं असं, की अंगाला झेपेनासं झालं की आधी डोकं गळतं, पाय मागून गळतात. "पाय खोटं बोलतील, छाती खोटं बोलंल, पाढा नाय बोलनार," हे त्यांचं लाडकं वाक्य. पाढा अडखळला की त्या दिवसाचं धावणं बंद. ओट्यावर बसायचं, पाणी प्यायचं, घरी जायचं. हुज्जत घातली की दुसऱ्या दिवशीही बंद. मधूनमधून ते मुद्दाम चुकीचा आकडा सांगून आपल्याला गोंधळवत, आणि आपण हो म्हटलं की "गाढव" म्हणून शिट्टी फुंकत.

माझं नवं घड्याळ त्यांनी पहिल्याच आठवड्यात काढून घेतलं आणि स्कूटरच्या डिकीत टाकलं. ते घड्याळ नाडी मोजतं, झोप मोजतं, थकवा मोजतं, असं मी त्यांना कौतुकाने समजावत होते. "त्याला गुडगा हाय?" त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. "मंग त्याला काय कलतं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातून धक्क्यावर मासळी विकणाऱ्या बायकांना आम्ही म्हणजे फुकटची करमणूक. मी दिसले की टोपलीमागून एखादी हमखास ओरडे, "ए मॅडम, सतरा आठे किती वो?" आणि सगळ्या हसत. महाडकडच्या माझ्या आईने मला शिकवून नोकरीला लावलं ते भर रस्त्यात पाढे म्हणायला नव्हे.

पण खरा राग याचा नाही. आमच्यात एक नियम होता. मास्तर "जा" म्हणाले तरच शर्यतीला जायचं. न विचारता गेलेल्याला अंगण बंद. गेल्या वर्षी मी शर्यतीसाठी जिवाचं रान केलं होतं. तिच्या आधीच्या शेवटच्या मोठ्या सरावात मी सगळ्यांच्या पुढे होते, आणि सतरा साते एकशे एकोणीसवर माझी जीभ अडखळली. एकदाच. मास्तरांनी शिट्टी फुंकली. "गुडगा लपवतेस. या वर्षी नाय," एवढं बोलून ते पुढच्या माणसामागे गेले. माझा गुडघा दुखत नव्हता! मी डॉक्टरांकडे जाऊन तपासून घेतला, त्यांनाही काही सापडलं नाही. मी ते मास्तरांना नाकावर टिच्चून सांगितलं, तर म्हणाले, "मंग बराबर. टायमात थांबवली ना तुला." अशा माणसाशी भांडून माणूस जिंकणार कसा?

त्या वर्षी बाकीचे शर्यत करून आले. गळ्यात पदकं घालून त्यांनी काढलेले फोटो मी दिवसभर बघत बसले होते. मास्तरांना मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग ठरवलं, या म्हाताऱ्याला त्याच्याच पाढ्याने हरवायचं. भाकरी थापताना सतराचा, ऑफिसच्या लिफ्टमध्ये एकोणीसचा, केस विंचरताना तेवीसचा. लिफ्टमधली माणसं माझ्यापासून जरा लांब उभी राहू लागली.

यंदाचा शेवटचा मोठा सराव आला. आदल्या दिवशी मास्तरांनी बजावलं होतं, "उद्या थांबलीस, तर या वर्षी पन नाय." सायकल झकास झाली. अंगणात बूट बदलले आणि सुटले. सतराचा म्हटला, धाडधाड. तेवीसचा म्हटला. मास्तरांना चूक सापडेना. मला वाटलं, आता कसं? मग त्यांनी एकोणीसचा काढला आणि स्वतःच पुढे म्हणाले, "एकोनीस चोक चौसष्ट."

सापळा, मी मनात म्हटलं. "शहात्तर!" मी ओरडले आणि वेग वाढवला.

"चौसष्ट," ते पुन्हा म्हणाले. पुन्हा म्हणाले आणि शिट्टी काही वाजली नाही. मान वळवून पाहिलं तर स्कूटर दुभाजकाकडे सरकत होती आणि मास्तरांच्या तोंडाची एक बाजू ओघळली होती. आधी डोकं गळतं, पाय मागून गळतात. त्यांनीच माझ्या टाळक्यात ठोकून बसवलेलं. मी थांबले. धावत मागे जाऊन हँडल धरलं.

"धाव!" ते ओरडले. शब्द जड झाले होते, पण राग शाबूत होता. "थांबलीस... शर्यत नाय!"

"खड्ड्यात गेली शर्यत, मास्तर. खाली उतरा."

धक्क्यावरच्या दोन बायकांनी त्यांना उचलून रिक्षात घातलं. हॉस्पिटलपर्यंत ते मला शिव्या देत होते. अर्ध्या कळत नव्हत्या, म्हणून पुन्हा देत होते. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. जीव वाचला. उजवा हात गेला, आणि रात्रीपर्यंत बोलणंही गेलं. नंतर मुलीकडून कळलं, की महिनाभर त्या हाताला मुंग्या येत होत्या आणि ते कुणाला बोलले नव्हते. आमचे गुडघे आमच्याआधी ऐकणारा माणूस! हे कळल्यावर मला त्यांची दया यायला हवी होती. मला संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मुलगी त्यांना करंजाड्याला आपल्याकडे घेऊन गेली. शर्यत आठवड्यावर आली तशी मी तिथे गेले. इतर जण न विचारता निघाले होते, विचारणार कुणाला? पण मला ते "जा" हवं होतं. दोन वर्षं अडवलेलं माझं हक्काचं "जा". बाल्कनीत खुर्चीवर मास्तर बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. पायांकडे पाहिलंच नाही.

"मास्तर, शर्यत आहे. सतराचा म्हणते," मी म्हटलं, आणि सुरुवात केली. ते डोळे मिटून ऐकत होते. मध्येच मी त्यांचाच डाव त्यांच्यावर टाकला. "सतरा साते एकशे सतरा," असं ठणकावून म्हटलं आणि थांबले. शिट्टी अजून गळ्यात होती. डावा हात चांगला होता. फुंका ना, मास्तर. गाढव म्हणा.

मास्तरांनी मान डोलावली. मग डावा हात उचलून रस्त्याकडे केला. जा.

मिळाली परवानगी. हसत हसत दिली. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने माझी चूक सोडली, आणि त्याबद्दल मी त्यांना कधीही माफ करणार नाही. मुलगी चहा घेऊन आली, मी तो तसाच ठेवायला सांगितला. खुर्ची त्यांच्यासमोर ओढली, त्यांचा तो गेलेला उजवा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि पुन्हा सुरू केलं. सतरा एके सतरा.