उघडा दांडा

सात रस्त्याजवळच्या एका कचेरीच्या आवारात विलायती बनावटीचं वाफेचं इंजिन शोभेला ठेवलंय. मी सकाळी फिरायला जातो तेव्हा एक म्हातारे तिथं असतातच. तरुणपणी ते असल्याच इंजिनावर कोळसा टाकणारे फायरमन होते. नाव मी कधी विचारलं नाही.

"हे मालगाडीचं हाय," ते येईल त्याला सांगतात. "ह्या जातीची लई आली विलायतेतून. सगळी भंगारात गेली की. मालगाडीचा फोटो कोण काढतंय?"

गेल्या वर्षी इंजिनाला नवा रंग दिला. दुसऱ्याच दिवशी हे काका चाकं जोडणारा लोखंडी दांडा पॉलिश पेपरनं घासत बसलेले. पहारेकऱ्यानं हटकलं तरी उठले नाहीत.

"काका, रंग का काढताय?" मी विचारलं.

"दांडा रंगवत न्हाईत, सर. रंगाखाली तडा दिसत न्हाय."

"पण हे आता कुठं चालणार आहे?"

"तरी बघायचं," म्हणाले आणि घासत राहिले.

आठवडा झाला, ते आले नाहीत. काल मी चष्मा पुसून तो दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला. तडा नव्हता. त्यांना कळवावं म्हणून पहारेकऱ्याकडे त्यांचा पत्ता विचारला.

"नाव काय त्यांचं?" त्यानं मलाच विचारलं.